घराची तीनशे वर्षं सोडा, शेवटची पन्नास तपासा

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी दोन-चार ओळींत आणतो. तुम्ही दोघं इंग्लंडात स्विंडनला भाड्यानं राहता, एक मुलगी आहे, आणि आई वर्षातून चार-पाच महिने येऊन राहतात. मार्लबरोच्या पलीकडे, केनेट नदीच्या खोऱ्यात एक कॉटेज तुमच्या मनात भरलंय. सतराव्या शतकातलं, लाकडी सांगाड्याचं, गवती छपराचं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे कायद्यानं जपलेल्या जुन्या इमारतींच्या यादीतलं. मागितलेली किंमत 4,25,000 पौंड. एजंट म्हणतो आठवड्यात ऑफर द्या, नाहीतर जाईल. समोरची भिंत नव्यानं गिलावा करून पांढरी रंगवलीय, आत एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा तपकिरी डाग आहे, आणि त्यावर विकणाऱ्यांनी ओल बंद केल्याची वीस वर्षांची गॅरंटी दाखवली. पुण्यात तुमच्या नावावर एक फ्लॅट आहे. घ्यावं का?

घ्या. पण या किमतीला नाही आणि या घाईनं तर नाहीच.

गेली वीसहून अधिक वर्षं मी विल्टशर आणि आजूबाजूला जुनी घरं तपासायचं काम करतोय. इतक्या वर्षांत घराच्या वयानं मला क्वचितच घाबरवलंय. जे घर साडेतीनशे हिवाळे उभं राहिलं, ते तुमच्या कर्जाची पंचवीस वर्षंही उभं राहील. भीती असते ती 1960 नंतर त्याला कोणी कोणी 'सुधारलं' याची. सिमेंट, प्लास्टिक पेंट, जिप्सम प्लास्टर, जमिनीखाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद, टोचलेली रसायनं. माझ्या रिपोर्टांतली निम्मी पानं याच पाच-सहा गोष्टींनी भरतात.

एजंटच्या माहितीपत्रकावर वेळ घालवू नका. 'कॅरॅक्टरफुल' म्हणजे डोकं आपटणार, 'डिसेप्टिव्हली स्पेशस' म्हणजे लहान, आणि 'सिम्पथेटिक मॉडर्नायझेशनला वाव' म्हणजे स्वयंपाकघराला 1974 नंतर कुणी हात लावलेला नाही. यातलं तिसरं वाक्य वाचलं की मला आनंदच होतो. हात न लावलेलं घर हे चुकीचा हात लावलेल्या घरापेक्षा स्वस्तात दुरुस्त होतं.

आता भिंतीकडे या. तुमच्या फोटोत जोतं करड्या, गुळगुळीत दगडाचं दिसतंय. तो सारसेन. एव्हबरी आणि स्टोनहेंज इथल्या प्राचीन वर्तुळांतले मोठे उभे दगड याच जातीचे. एव्हबरीचे कितीतरी दगड तर सतराव्या-अठराव्या शतकात खाली आग पेटवून, वर पाणी ओतून फोडले आणि गावातल्या घरांना लावले. दगड लोखंडासारखा टणक, पण पाणी पीत नाही. थंडीत आतली दमट हवा त्याला टेकली की फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम फुटतो. या भागातले जुने लोक म्हणतातच, सारसेनचं घर घामेजतं. म्हणजे तुमच्या कोपऱ्यातला डाग जमिनीतून वर चढलेल्या ओलीचा असेलच असं नाही. आतल्या श्वासाचा, आंघोळीचा, उकळत्या डाळीचाही असू शकतो. आणि आपल्या घरात डाळ उकळतेच.

जोत्याच्या वर लाकडी चौकट आहे. या चौकटीच्या खणांत पूर्वी काय भरत, हे कोकणातल्या माणसाला समजवायची गरज नाही: कुड. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फोका, आणि दोन्ही बाजूंनी माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा लेप. वर चुना. पुढे बऱ्याच घरांत कुड काढून विटा भरल्या, तुमच्याकडे मागच्या बाजूला त्या दिसतातच. या सगळ्या भिंतीचा स्वभाव एकच. पाऊस लागला की थोडी भिजते, वारा आला की सुकते. चुना ते होऊ देतो. मी वाईच्या एका वाड्यात वाढलो. तिथं पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, दिवाळीआधी चुन्याचा हात मारला जायचा, आणि कुणीही त्याला रोग म्हणत नव्हतं.

सिमेंटचा गिलावा म्हणजे घामट अंगावर चढवलेला रेनकोट. पाणी बाहेरच राहील असं वाटतं. प्रत्यक्षात लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, सिमेंट हलत नाही, म्हणून केसाएवढ्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. सगळ्यात आधी कुजते ती सोल प्लेट, म्हणजे जोत्यावर बसलेली आडवी तुळई, जिच्यावर अख्खी चौकट उभी असते. गेल्या वर्षी अशाच एका पांढऱ्याशुभ्र घराचा गिलावा एका ठिकाणी पोकळ वाजला. मालकांच्या परवानगीनं तळहाताएवढा तुकडा काढला आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबला नाही, नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत गेला. चहात बुडवलेल्या केकसारखा ओक. बाहेरून मात्र ते घर कॅलेंडरवर छापण्यासारखं होतं.

म्हणून तुमच्या समोरच्या भिंतीचा तो 'नव्यानं केलेला' गिलावा कशाचा आहे, हा पहिला प्रश्न. चुन्याचा असेल तर विकणाऱ्यांकडे गवंड्याचं बिल असेल आणि ते अभिमानानं दाखवतील. सिमेंटचा असेल तर उत्तर गुळमुळीत येईल. तुम्ही स्वतः बोटाच्या पेरानं ठोकून बघा. पोकळ आवाज कुठे येतो आणि खालच्या फूटभरात बारीक आडवी भेग आहे का, ते पाहा.

आणि ती गॅरंटी. असा कागद मी कबुलीजबाब म्हणून वाचतो. कुणीतरी दोन सुयांचं मीटर भिंतीला लावलं, आकडा चढला, भोकं पाडून रसायन टोचलं. ते मीटर मुळात लाकडासाठी बनवलेलं. त्याला कळते फक्त वीज किती सहज वाहते ते. भिंतीला लोणा लागला असेल तर त्या क्षारांमुळे भिंत बऱ्यापैकी कोरडी असतानाही ते ओरडतं. हे मी मोठेपणा घेऊन सांगत नाहीये, मीही तेच केलंय. नवखा असताना एका वृद्ध बाईंच्या घरात मीटर लावलं, आकडा पाहिला आणि 'जमिनीतून चढणारी ओल' असं लिहून मोकळा झालो. त्यांनी माझ्या शब्दावर पैसे खर्चून रसायन टोचून घेतलं. दोन वर्षांनी त्यांनी परत बोलावलं, डाग तसाच. तेव्हा मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: घराला बाहेरून चक्कर मारली. भिंतीला लागून गुलाबांचा वाफा, वर्षानुवर्षं खत-माती पडून आतल्या फरशीपेक्षा फूटभर उंच झालेला. फावड्यानं माती मागे ओढली, खडीचा चर केला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत भिंत सुकली. बाईंनी मला काही बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा डागाच्या बरोबर बाहेर काय आहे ते पाहा. मातीची पातळी, फुटकं गटार, अंगणाचा उतार घराकडे आहे का? आणि पागोळ्या. गवती छपराला पन्हळ नसतं. पाणी वळचणीवरून सरळ खाली पडतं. तिथं काँक्रीटचा कट्टा असेल तर पागोळीचा प्रत्येक थेंब उडून जोत्यावर बसतो. इलाज दीडशे पौंडांचा असू शकतो, पण तो सुचवण्यात कुणाचं कमिशन नसतं.

छपराचं बघू. एजंटनं लिहिलंय '2019 मध्ये नवं', पण तुम्ही पाठवलेल्या बिलावर फक्त 'रिज' आहे. म्हणजे नवं झालं ते आढं. पाखी जुनीच. आढं दर दहा-पंधरा वर्षांनी बदलावंच लागतं, तो नेहमीचा खर्च. अंगाचं गवत कोणतं, यावर आयुष्य ठरतं: लाँग स्ट्रॉ म्हणजे गव्हाचा साधा पेंढा साधारण वीस वर्षं, विंचरलेला गव्हाचा पेंढा तीसच्या आसपास, आणि पाणवठ्यावरचं वॉटर रीड चाळीस-पन्नाससुद्धा. या भागात पूर्वापार गव्हाचा पेंढा. आजचा बुटका, कंबाइननं कापलेला गहू उपयोगाचा नाही, म्हणून काही शेतकरी मारिस विजनसारख्या उंच जुन्या जाती खास शाकारणाऱ्यांसाठी पिकवतात. गवत महाग का, याचं एक कारण ते.

तुम्ही म्हणाल, आमच्या आजोळी शाकारणी दरवर्षी व्हायची, इथं वीस वर्षं कशी टिकते? उतार आणि जाडी. पाखं पन्नास अंशांच्या आसपास तिरकं असतं आणि फूटभराहून जाड. पाऊस वरच्या इंच-दीड इंचाच्या आत जातच नाही. तो थर हळूहळू कुजतो, झिजतो, आणि आतल्या हेझलच्या फोकांच्या खुंट्या उघड्या पडू लागतात. दुर्बीण घेऊन रस्त्यावर उभे राहा. पाख्यावर खुंट्या किंवा उभे चर दिसले तर छप्पर म्हातारं झालं. उत्तरेकडचं शेवाळ पाहून घाबरू नका, ते बहुतेकांना असतं. सगळं शाकारायचं झालं तर एवढ्याशा घरालाही तीस-चाळीस हजार पौंड सहज लागू शकतात. ऑफरचा आकडा ठरवताना हे हिशेबात धरा.

आगीबद्दल दोन शब्द. गवत बाहेरून सहसा पेटत नाही, पेटतं ते धुराड्यापाशी. थरावर थर चढत धुराड्याभोवती गवत पाच-पाच फूट खोल झालेलं असतं, आणि आत लाकडाच्या बंद शेगडीचा पाइप. धुराड्याच्या विटा फुटलेल्या असतील किंवा ते आढ्याच्या वर पुरेसं उंच नसेल तर मी ती शेगडी पेटवू देणार नाही. 1.8 मीटरची शिफारस असते. विमा कंपनी धुराडं साफ केल्याचे आणि वायरिंग तपासल्याचे दाखले मागते. विम्याचा कोट आत्ताच मागवा, कारण करारांची अदलाबदल झाली, म्हणजे सौदा पक्का झाला, त्या क्षणापासून जोखीम तुमची.

लिस्टिंगबद्दल मराठी मित्रमंडळींत दोन टोकं ऐकतो. एक, 'खिळाही ठोकता येत नाही.' दुसरं, 'फक्त दर्शनी भाग सांभाळायचा.' दोन्ही चूक. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत आणि लोक त्यांत सुखानं राहतात. पण संरक्षण आतून-बाहेरून संपूर्ण इमारतीला आहे, जिन्याला, दारांना, माळ्यावरच्या वाशांना, आणि आवारातल्या 1 जुलै 1948 पूर्वीच्या बांधकामांनाही. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत तुमच्या कॉटेजची नोंद फुकट वाचता येते. ती चार ओळींची असेल. त्यात शेगडीचा उल्लेख नाही म्हणून शेगडी काढायला मोकळीक, असं नाही.

परवानगीशिवाय बदल करणं हा 1990 च्या कायद्यानं फौजदारी गुन्हा आहे. गुन्हा करणाऱ्याचा, पण 'पूर्ववत करा' अशी नोटीस येते ती आजच्या मालकाला, आणि तिला काळाची मुदत नाही. तुमच्या फोटोत मागच्या दोन खिडक्या प्लास्टिकच्या दिसतात. कधी बसवल्या, परवानगी होती का, हे सॉलिसिटरकरवी, म्हणजे खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाकरवी, लेखी विचारा. समोरून 'इन्डेम्निटी पॉलिसी देतो', म्हणजे या जोखमीचा विमा काढून देतो, असं उत्तर येईल. ती पॉलिसी पैसे देईल. खिडकी करून देणारा सुतार शोधायचा तो तुम्हीच. आणि मंजुरी घेऊन केलेल्या बदलांवरची व्हॅटची सवलत 1 ऑक्टोबर 2012 ला गेली, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचे हिशेब मानू नका.

आता पुण्याचा फ्लॅट. इथं बरेच जण ठेचकाळतात, कारण एजंट विचारत नाही आणि आपण सांगत नाही. स्टँप ड्यूटीचं गणित 4,25,000 वर असं बसतं. नेहमीच्या दरानं 11,250 पौंड. पहिल्यांदाच घर घेणाऱ्याला 6,250. पण 'पहिल्यांदा' म्हणजे जगात कुठेही. पुण्यात घर असेल तर ही सवलत गेली, आणि दोघांपैकी एकाच्या नावावर असलं तरी गेली. त्याहून वाईट म्हणजे, जगात कुठेही 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर तुमच्या नावावर असेल आणि तुम्ही स्वतःचं आधीचं राहतं घर विकून त्याच्या जागी हे घेत नसाल, तर हे दुसरं घर ठरतं आणि पूर्ण किमतीवर 5 टक्के अधिभार लागतो. म्हणजे 21,250 आणखी, एकूण 32,500. पुण्यातल्या बऱ्याच फ्लॅटांची आजची किंमत त्याहून जास्त आहे. नवरा-बायको एकच धरले जातात, त्यामुळे 'घर माझ्या एकट्याच्या नावावर घेतो' ही युक्ती चालत नाही. वारसाहक्कानं आलेल्या हिश्श्याचे नियम वेगळे आहेत. ऑफर देण्याआधी सॉलिसिटरला सगळं सांगा, अगदी वडिलांच्या घरात भावाबरोबर नाव लागलेलं असेल तर तेही.

'बागेच्या तळाशी ओढा' हे तुम्हाला आवडलंय. तुम्ही सप्टेंबरात पाहिलंत तेव्हा तिथं गवताळ खळगा होता, बरोबर? हा खडूचा, म्हणजे मऊ चुनखडीच्या दगडाचा, प्रदेश. इथले कित्येक ओढे फक्त हिवाळ्यात वाहतात, त्यांना विंटरबोर्न म्हणतात. एव्हबरीच्या उत्तरेला विंटरबोर्न मंक्टन, विंटरबोर्न बॅसेट अशी गावंच आहेत. खडूत पाणी मुरत जातं, महिन्यांनी पातळी वर येते, आणि मग पूर नदीतून नाही, फरशीखालून येतो. 2013-14 च्या हिवाळ्यात खडूच्या पट्ट्यात ठिकठिकाणी हेच झालं. सरकारच्या पूर-नकाशावर 'भूजल' हा शब्द शोधा, आणि गावातल्या पबमध्ये एखाद्या म्हाताऱ्याला त्या हिवाळ्याबद्दल विचारा. तो नकाशापेक्षा जास्त सांगेल.

सेप्टिक टँकचं सांडपाणी त्याच ओढ्यात जात असेल तर 1 जानेवारी 2020 पासून ते चालत नाही. बदलायचा खर्च विकणाऱ्यावर टाका. तुळयांतली भोकं बघून घाबरू नका. बहुतेक कीड कधीच मेलेली असते. पिठासारखा ताजा भुसा खाली पडत असेल तरच जाणकाराला बोलवा. वटवाघळं असतील तर ती कायद्यानं तुमच्यापेक्षा जास्त सुरक्षित आहेत.

मग आठवड्यात ऑफर? द्या. इंग्लंडात ऑफर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' असते. करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नाही, ते नाहीत तसे तुम्हीही नाही. त्या अदलाबदलीआधी लेव्हल थ्री सर्व्हे, म्हणजे घराची सगळ्यात सखोल तपासणी, करून घ्या, आणि तो जुन्या घरांचंच काम करणाऱ्याकडून. बँकेचा माणूस वीस मिनिटं येऊन जातो, तो बँकेसाठी. माझा हिशेब विचाराल तर छपराचं उरलेलं आयुष्य आणि समोरचं सिमेंट उतरवून चुना लावायचा खर्च धरून मी 3,85,000 पासून बोलायला लागेन, आणि सोल प्लेट कुजलेली निघाली तर आणखी खाली येईन.

चुलाण्यावरची ती जाड तुळई तुम्ही मोठी करून फोटोत पाठवलीत, त्यावर डावीकडे कंपासनं काढल्यासारखं सहा पाकळ्यांचं फूल कोरलंय. ते सुताराचं नक्षीकाम नाही. धुराड्यातून चेटूक किंवा वाईट काही आत येऊ नये म्हणून केलेली खूण आहे, बहुतेक जाणकार असंच मानतात. दाराला लिंबू-मिरची बांधतो त्यातलाच प्रकार. शेजारी थेंबाच्या आकाराचे जळके डाग असतील तर तेही मुद्दाम केलेले. त्यांना पॉलिश मारू नका.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा पावसात जा, आणि आईंना घेऊन जा. त्या कॉटेजचा जिना कपाटाच्या दारामागे आहे, वळणाचा, पायरी जेमतेम पाऊलभर, धरायला दोरी. न्हाणीघर वर आहे आणि खाली जादा न्हाणीघरासाठी परवानगी मिळेलच असं मी सांगू शकत नाही. त्यांना तो जिना दोनदा चढू-उतरू द्या, तेवढ्यात तुम्ही बाहेर छत्री घेऊन पागोळ्या कुठे पडतात ते बघा.